खोडावरच्या चौतीस अळंब्या

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे? आई-वडिलांचे मोजायचे नसतात, म्हणून ते बाजूला ठेवतो. त्यानंतर पहिल्या येतात त्या कर्वेनगरमधल्या माझ्या घरमालकीणबाई. त्यांचं नाव मात्र इथे लिहीत नाही. एकदा मी त्यांना म्हणालो होतो, "बाई, मी कधी काही लिहिलं तर पहिल्या ओळीत तुमचं नाव घालीन." त्या म्हणाल्या, "कशाला? मी काय हरवले आहे?" म्हणून नुसतं 'बाई'. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे.

मी वाशीमच्या पलीकडच्या एका तालुक्याच्या गावातून पुण्याला आलो. वडील बाजार समितीत मापाडी होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी. गावातच झालं आणि मग एम.एस्सी.साठी, वनस्पतिशास्त्र घेऊन, पुण्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. वडिलांनी दोन वर्षं दिली होती. माझ्यामागे धाकटा भाऊ उभा होता. माझं शिक्षण संपल्यावर त्याच्या कॉलेजची पाळी येणार होती, त्याआधी नाही. हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

ते दिवस कॉम्प्युटरच्या क्लासचे होते. कर्वे रस्त्यावर एका इमारतीला चार-चार क्लासच्या पाट्या असत. माझा खोलीतला जोडीदार नगरचा. इंजिनियर होऊन वर कॉम्प्युटरची कसली कसली भाषा शिकत होता. रोज संध्याकाळी माझ्या टेबलाकडे बघून म्हणायचा, "मित्रा, बायोडेटामध्ये काय लिहिणार तू? बुरशीचा दोन वर्षांचा अनुभव?"

त्याचं चुकत नव्हतं. माझा प्रबंध पुण्यातल्या झाडांवरच्या लाकडी अळंब्यांवर होता.

पावसाळ्यात उगवून दोन दिवसांत मऊ पडणारी छत्री सगळ्यांना ठाऊक असते. या अळंब्या तशा नव्हेत. भिंतीला ठोकलेल्या फळीसारख्या त्या झाडाच्या खोडाला आडव्या चिकटलेल्या असतात. लाकडासारख्या कठीण, बोटाने वाजवल्या तर टकटक वाजतात. काही दर वर्षी खालून एकेक थर चढवत कितीतरी वर्षं टिकतात. लहानपणी आम्ही पोरं त्यांना झाडाचे कान म्हणायचो आणि तोंड जवळ नेऊन त्यांत गुपितं सांगायचो.

त्या ओळखायच्या म्हणजे आधी हातात घेऊन वजन बघायचं. मग वरची बाजू चकचकीत की खरखरीत. खालच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती उघड्या डोळ्यांनी दिसतात की भिंग लागतं. कापल्यावर आतला गर पांढरा की तांबूस, आणि पोटॅशच्या पाण्याचा थेंब टाकला तर तो काळा पडतो का. पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ती कोणत्या झाडावर होती, किती उंचीवर, आणि वाळक्या लाकडावर की जिवंत. कारण अळंबीच्या नावावरून झाडाचं पुढचं कळतं. काही अळंब्या फक्त मेलेली फांदी खातात, त्यांचा झाडाला उपद्रव नाही. काही बुंध्याशी येतात, आणि त्या बाहेर दिसेपर्यंत आतलं लाकूड पुष्कळसं गेलेलं असतं.

म्हणून नमुन्याबरोबर लेबल हवंच. आमच्या मार्गदर्शक सरांनी पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं होतं, "लेबल नसलेला नमुना म्हणजे सरपण."

आठ-नऊ महिन्यांत मी सायकलवर फिरून चौतीस अळंब्या जमवल्या होत्या. खडकवासल्याच्या वाटेवरच्या बाभळी, कालव्याकाठचे शिरीष, सिंहगड रस्त्यावरच्या जुन्या आंब्यांच्या राया, पेठेतल्या एका देवळामागचा उंबर. प्रत्येक अळंबी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायची आणि त्याच कागदाच्या कोऱ्या कडेला शिसपेन्सिलीने सगळी माहिती लिहायची. कोऱ्या कडा वाया घालवणं आमच्या घरात कुणाला जमत नसे. वहीत का नाही लिहिलं, असं पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर आमच्या शाळेत आहे. आमच्या शाळेत कच्ची वही आणि पक्की वही असायची. पक्क्या वहीत खाडाखोड झाली की हातावर पट्टी बसे. मी ती पट्टी इतकी मनावर घेतली होती की प्रबंधासाठी जाड पुठ्ठ्याची सुंदर पक्की वही आणली, पहिल्या पानावर विषयाचं नाव लिहिलं आणि पुढची सगळी पानं कोरी ठेवली. सगळं नक्की झाल्यावर एकदाच, चांगल्या अक्षरात लिहायचं होतं.

प्रबंध द्यायला पंचवीस दिवस राहिले होते तेव्हाचा तो एप्रिलमधला रविवार. ग्रंथालयातून दुपारी घरी आलो तर बाईंनी गच्चीवरून हाक मारली, "वर ये. बघ, किती छान झालंय."

गच्चीवर दोन जुन्या साड्या अंथरल्या होत्या. एकीवर कुरडया. दुसरीवर माझ्या चौतीस अळंब्या, मोठीपासून लहानीपर्यंत ओळीने लावलेल्या, स्वच्छ पुसून.

"किडे झाले होते तुझ्या गाठोड्यात," बाई म्हणाल्या. "बारीक, काळे. माझ्या कुरडयांत शिरले असते. सगळं सोडून उन्हात घातलं. आभार नंतर मान, आधी पाणी पी."

"बाई, कागद कुठायत?"

"कसले कागद?"

"ज्यात गुंडाळलं होतं ते."

"ती वर्तमानपत्रं? रद्दीवाला आला होता, दिली."

मी कुरडयांच्या शेजारी मटकन खाली बसलो. माझा जोडीदार कपडे वाळत घालायला वर आला होता. तो आता हसणार म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. तो हसला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

काय झालं ते बाईंना कळायला दोन मिनिटं लागली. मग त्या म्हणाल्या, "पण वहीत लिहिलं असशील ना?"

"वही कोरी आहे."

"कोरी?"

"पक्की वही आहे बाई. सगळं पक्कं झाल्यावर लिहिणार होतो."

बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मुलींना सांगत आले, आधी कच्चं करा, मग पक्कं करा. इतकं मनावर घेतलेलं कुणी आज पहिल्यांदा बघितलं."

जोडीदार सायकल काढून रद्दीच्या दुकानात जाऊन आला. टेम्पो सकाळीच भरून गेला होता. मी खोलीत जाऊन पडलो. भाऊ डोळ्यांसमोरून हलेना. बाईंनी माफी मागितली नाही, त्यांचा तो स्वभाव नव्हता. पण संध्याकाळी त्या स्वतः ताट वाढून घेऊन आल्या, आणि ताटात तळलेल्या चार कुरडया होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर थाप पडली. बाईंनी जेवणाच्या टेबलावर पुणे शहराचा मोठा नकाशा पसरला होता, स्वतः हाताने काढलेला. नदी, कालवे, टेकड्या, मुख्य रस्ते, बाकी कोरा.

"बस. झाडं आठवतात का सांग."

झाडं मला आठवत होती. डोळे मिटले की खोडसुद्धा दिसायचं. बोलत गेलो, बाई टिंब देत गेल्या. तेहतीस झाली. चौतिसावं काही केल्या आठवेना. अळंब्या मात्र चौतीस समोर होत्या. फक्त कोणती कुठली, ते गेलं होतं.

"म्हणजे जोड्या लावा," बाई म्हणाल्या. "पाच मार्कांचा प्रश्न आणि तू तोंड करून बसलायस बारावं घातल्यासारखं."

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एकेक अळंबी उचलून नाकाजवळ धरू लागल्या. मला वाटलं, वास घेताहेत. त्या धूळ बघत होत्या. पुसूनसुद्धा खाचांमध्ये धूळ राहिली होती.

"ही काळी बघ. ही काजळी आहे, बसगाड्यांची. म्हणजे मोठा रस्ता. हिच्यावर हिरवट शेवाळ आहे, म्हणजे पाण्याकाठी. आणि ही पांढरी पूड?"

"चुना?"

"सिमेंट. जिथं इमारत चाललीय तिथली. म्हणजे तशी सगळ्या पुण्यात चाललीय, पण तू गेलास त्यांतल्या किती ठिकाणी?"

चार ठिकाणी. दुपारपर्यंत टेबलावर चार ढीग झाले. शहर वाढत होतं आणि अळंब्यांच्या पाठीवर त्याची नोंद होत होती. ती मी नऊ महिने हातात धरून हिंडलो होतो आणि मला वाचता आली नव्हती.

काहींच्या मागच्या बाजूला लाकडाची कपची चिकटून आली होती. त्या नऊ निघाल्या. बाई त्या पिशवीत घालून मला टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत घेऊन गेल्या. वखारवाल्या चाचांचं घराणं तीन पिढ्या लाकडात. बाईंच्या घराची दारं त्यांच्या वडिलांनी दिली होती. चाचांनी पहिली कपची अंगठ्याला थुंकी लावून ओली केली, हुंगली, बाजूला ठेवली.

"बाभूळ. ये भी बाभूळ. हा आंबा. ये शिरीष, काळा वाला. चिंच. ये फिर आंबा."

"नुसत्या वासावरून?" बाईंनी शंका काढली.

"बाई, वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना कोण बोलतंय ते तुम्हाला कळायचं का नाही?"

"कळायचं."

"मग? लकडी भी बोलती है."

परत येताना बाई पुढच्या चौकात म्हणाल्या, "माणूस हुशार आहे." त्यांच्या तोंडून हे मी वर्षभरात तेवढं एकदाच ऐकलं.

दुसऱ्या सकाळपासून आमची फेरी सुरू झाली. बाईंची जुनी मोपेड, बाई पुढे, मी मागे, मांडीवर अळंब्यांची पिशवी. अळंबी कापून काढली की खोडावर तिचा व्रण राहतो, आणि दोन व्रण सारखे नसतात. ज्या ढिगातली अळंबी त्या भागातल्या झाडांपाशी जायचं, व्रण शोधायचा आणि एकेक लावून बघायची. चुकीची असली तर डुगडुगते. बरोबर असली तर डब्याला झाकण बसावं तशी बसते आणि 'टक्' असा आवाज होतो. पहिला 'टक्' कालव्याकाठच्या शिरिषावर झाला. बाईंनी रस्त्यातच टाळी वाजवली. मग आजूबाजूला बघून मोपेडचा आरसा पुसायला लागल्या.

सिंहगड रस्त्यावर एका नव्या अपार्टमेंटच्या कामावरच्या वॉचमनने आम्हाला हटकलं. "ओ मावशी, काय चिकटवताय झाडाला?"

"कान," बाई म्हणाल्या. "पडला होता."

तो बिचारा पुढे येऊन बघून गेला आणि नंतर लांबून आमच्यावर लक्ष ठेवून बसला.

बाईंनी बुधवार पेठेतून एक भिंग आणलं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसं. एका आंब्याच्या वाळक्या फांदीवरची अळंबी त्यांनी उलटी करून भिंगाखाली धरली आणि ओरडल्याच, "अरे, हे तर मधाचं पोळं!" खरंच, भोकं गोल नव्हती, षट्कोनी होती, एकाला एक लागून. मी म्हणालो, ही हेक्सागोनिया, ही मेलेलं लाकूड खाते, आंब्याला काही धोका नाही. "मग राहू दे बापडी," त्या म्हणाल्या. एका बंगल्यातल्या फणसावरची अळंबी मात्र त्यांनी माझ्याआधी ओळखली. काळपट, भेगाळलेली, दगडासारखी जड. "हा फणसोंबा. आमच्या कोकणात घरोघर असायचा. आई सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या लाळेवर द्यायची." मी पुस्तकात चार पानं उलटीसुलटी करून फेलिनस या नावापाशी पोचेपर्यंत त्यांनी मोपेड चालू केली होती.

मी त्यांना शिकवत होतो असं मला वाटायचं. थर मोजून वय कसं सांगायचं, गरावर थेंब टाकल्यावर काळा डाग कसा पसरतो, बुंध्याशी आलेली आणि फांदीवर आलेली यांत फरक काय. त्या परीक्षेला बसल्यासारख्या ऐकायच्या आणि उलटे प्रश्न विचारायच्या. "बुंध्याशी आली म्हणजे झाड जातंच?" "किती दिवसांत?" "वरून हिरवं दिसलं तरी?" त्या प्रश्नांना उत्तर देता देता माझ्या डोक्यात जे पक्कं बसलं ते आजवर हललेलं नाही. खरं सांगायचं तर नऊ महिने मी अळंब्या जमवल्या होत्या. बघितल्या त्या या तीन आठवड्यांत. आणि रोज संध्याकाळी पक्की वही भरत होतो, जिथल्या तिथे, खाडाखोड झाली तर होऊ देत.

तेहतीस झाल्या. एक राहिली.

ती सगळ्यांत सुंदर होती. तळहाताएवढी, तांबूस, वरून रोगण लावल्यासारखी चकचकीत, आणि खाचांमध्ये कोकोच्या पुडीसारखी तपकिरी धूळ. ही गॅनोडर्मा, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण कुठली? तिच्यावर काजळी नव्हती, सिमेंट नव्हतं, शेवाळ नव्हतं. सरांनी तर चौतीस नमुन्यांची यादी आधीच पुढे पाठवली होती.

"राहू दे ना एक," बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या. "तेहतीस काही कमी नाहीत."

बाई आणि 'राहू दे'? मला नवल वाटलं.

दोन दिवस उरले असताना सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. घराच्या फाटकाशी त्यांचा गुलमोहर होता. मेची सुरुवात, झाड नुसतं लाल झालं होतं. खाली पाकळ्यांचा सडा. बुंध्याच्या मागच्या बाजूला कर्दळ दाट वाढली होती. बाईंनी ती हाताने बाजूला केली, माझ्या हातातली अळंबी घेतली आणि वाकून बुंध्याला लावली.

टक्.

"तू खोली मागायला आलास ना, तेव्हा बेल वाजवायच्या आधी इथं उकिडवा बसला होतास. मी खिडकीतून बघत होते. चोर वाटलास. मग खिशातून चाकू काढलास तेव्हा खात्रीच झाली. तू ही कापलीस, आणि मग बुंध्याला हात लावून काहीतरी पुटपुटलास. काय म्हणालास?"

मला आता सगळं आठवलं. खोली मिळेल की नाही या काळजीत ती अळंबी पिशवीत टाकून मी विसरलो होतो. "त्रास दिला, माफ कर, असं म्हणालो असेन. सवय आहे."

"म्हणून खोली दिली. तुझ्याआधी तिघांना नाही म्हटलं होतं."

मी वर्षभर समजत होतो की बॉटनीमुळे दिली.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होते. पण आधी तू शिकवत सुटलास ना, बुंध्याशी आली म्हणजे काय होतं ते. मग सांगावंसं वाटेना."

मी खाली बसलो. जुन्या व्रणाशेजारी एक नवी अळंबी आली होती, अंगठ्याच्या पेराएवढी, कडेला पांढरी. वर सगळं झाड फुललेलं आणि खाली हे. फाटकाबाहेर सकाळी साडेसातला शेजारची मुलं शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी राहायची.

"बाई..."

"बोल. परीक्षकाला सांगशील तसं सांग. लाड नकोत."

मी सांगितलं. मुळं आतून कुजत आहेत. किती दिवस, ते सांगता येत नाही. पण हे झाड सूचना देऊन पडणार नाही. वाऱ्याचा एक झोत पुरे होईल, आणि झुकाव फाटकाकडे आहे.

बाई वर फुलांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तुझे कागद घालवले आणि तू माझं झाड घालवलंस. फिट्टंफाट." आणि त्या हसल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसणं खरं होतं. दुपारी त्यांनी महापालिकेला झाड काढण्याच्या परवानगीचा अर्ज लिहिला आणि मला वाचायला दिला, तपासायला. वर्षभरात त्यांनी मला तपासायला दिलेला तो पहिला कागद.

माझ्या जोडीदाराने चौतीस लेबलं त्याच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरवर टाइप करून छापून आणली. "घे," म्हणाला, "बुरशीला प्रथमच आय.टी.चा स्पर्श."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्क आणि गंभीर होते. प्रबंधाच्या सुरुवातीलाच मी एक पान घातलं होतं, लेबलं कशी गेली आणि पुन्हा कशी जुळवली याचं. परीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं.

"हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सर. झालं ते लिहिलं."

आमचे सर खिडकीबाहेर बघत होते.

"पण हा नमुना याच झाडावरचा, हे मी कशावरून मानू?"

"बसवून बघितला, सर."

"दाखव."

बारा नंबरचा नमुना कॉलेजच्याच आवारातल्या शिरिषाचा होता. आम्ही तिघं जिने उतरून खाली गेलो. मी अळंबी व्रणावर ठेवली. टक्. परीक्षकांनी ती काढली आणि स्वतः बसवली. टक्. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. चौथ्या वेळी आमच्या सरांकडे वळून म्हणाले, "तुम्ही बघा ना बसवून." आणि आमच्या सरांनीही, ज्यांनी आयुष्यात सरपण आणि नमुना यांत कधी गल्लत केली नव्हती, ती बसवून बघितली.

परीक्षा झाल्यावर मी गावी गेलो. जुलैत बाईंचं पोस्टकार्ड आलं. ते माझ्याजवळ आहे: 'निकाल लागला. तुझा जोडीदार बघून आला. पहिला वर्ग. झाड पावसाआधी पाडले. आत हात घातला, कोपरापर्यंत गेला. तुझे बरोबर निघाले. एरवी पुण्यात बरोबर असणे हे पुणेकरांचे काम. उत्तर लिही. कच्चे नको, पक्के.'

मी लिहिलं ते असं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं, म्हणून आज उतरवता आलं.

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

आपलं कार्ड काल दुपारी मिळालं. बाबा बाजारातून आले तेव्हा मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "पहिला वर्ग हे कळलं. झाडात हात कोणाचा गेला?" मग मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, रद्दीपासून. ते मापाडी आहेत, त्यामुळे नमुना हातात घेऊन वजन बघायचं हे त्यांना ताबडतोब पटलं. आई म्हणाली, त्या बाईंना गच्चीवर अळंब्या ओळीने लावताना मी बघायला पाहिजे होतं. तिने आपल्यासाठी कुरडया केल्या आहेत. आपल्या चांगल्या असतात, पण आमच्याकडच्याही खाऊन बघा.

भावाने आज कॉलेजचा अर्ज भरला. मी सोबत गेलो होतो. त्याने अर्ज आधी कच्च्या कागदावर भरायला घेतला, मी म्हटलं, सरळ भर.

झाड गेल्याचं वाचून मला वाईट वाटलं आणि तसं वाटू नये असंही वाटलं. साडेसातला मुलं आता फाटकाशी उभी असतील. त्याच खड्ड्यात लगेच दुसरं झाड लावू नका, मुळांत ती बुरशी अजून असेल. सात-आठ पावलं सरकून, विहिरीच्या बाजूला, बकुळ लावावी असं मला वाटतं. मी पंधरा दिवसांनी येतो आहे, तेव्हा खड्डा मी खणीन. सरांनी शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांची पाहणी करायच्या कामासाठी माझं नाव सुचवलं आहे. जोडीदाराला सांगा, अनुभव धरला आहे.

बाई, मला इथे शाळेत पुष्कळांनी शिकवलं आणि मी कुणाला विसरणार नाही. पण मला मागे बसवून दारोदार नेऊन, हे बघ, हे बघ, असं म्हणणारं आपल्याआधी कुणी भेटलं नव्हतं. हे आपल्यासमोर बोलता आलं नसतं. आपण बोलू दिलं नसतं.

सोबत आमच्या परसातल्या बाभळीवरची एक अळंबी पाठवतो आहे. लहानपणी मी हिच्याच कानात सांगितलं होतं की मला पुण्याला जायचं आहे. ही वाळक्या फांदीवर होती, बाभूळ खणखणीत आहे. लेबल आत बांधलं आहे, बाहेर चिकटवलं आहे आणि वहीतही लिहून ठेवलं आहे. गुंडाळलेला कागद रद्दीत घालायला हरकत नाही.

आपला आज्ञाधारक